निराकरण झाले आहे

तीन ब्लॉक. आमच्या इमारतीच्या फाटकासमोर, फुटपाथवरचे फक्त तीन पेव्हर ब्लॉक. ते सरळ बसवून घ्यायला मला कोजागरीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ लागला. आणि प्रत्यक्ष काम किती? दोन माणसं, एक टेम्पो, पावणेदोन तास. मी गॅलरीत घड्याळ घेऊन बसले होते, म्हणून सांगते.

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या गल्लीत केबलसाठी खोदाई झाली. तीही रात्री साडेअकराला, ब्रेकर लावून. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ आहे, हे ज्ञान मला त्याच रात्री मिळालं, कारण झोप येणं शक्यच नव्हतं. उपयोग काही झाला नाही. फोन लागेपर्यंत खोदून झालं होतं. सकाळी पाहिलं तर चर बुजवलेला, वर ब्लॉक रचलेले, दिसायला सगळं ठाकठीक.

मग परतीचा पाऊस आला. सैल पेव्हर ब्लॉक काय चीज असते ते पुणेकराला सांगायला नको. वरून कोरडा ठणठणीत, खाली तांब्याभर गढूळ पाणी. एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून पिचकारी. आई सकाळी सातला देवळात जायला निघाली आणि पाच मिनिटांत गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आली. साडीचं सोडा, तोल गेला तेव्हा फाटकाचा गज हाताशी आला म्हणून वाचली. तिचं वय ७९.

सोसायटीच्या सचिवांनी तत्परता दाखवली. म्हणजे त्याच संध्याकाळी पाटी लावली: ‘पुढील तीन ब्लॉक सैल आहेत. पाय ठेवल्यास पाणी उडेल. नंतर वर येऊन वाद घालू नये.’

तिसऱ्या मजल्यावरचे काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी काठीने एक ब्लॉक ढोसला आणि म्हणाले, “अगं, खाली कुटलंच नाहीये. मुरूम थराथराने टाकून धुम्मस मारायची असते, मग वाळू, मग ब्लॉक. यांनी निघालेली माती तशीच लोटली आणि वर ब्लॉक मांडून मोकळे झाले. पाऊस पडला की माती बसणारच.” हे वाक्य मला पुढे फार कामी आलं, ते कसं ते येईलच.

तक्रार नोंदवणं अगदी सोपं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. महापालिकेच्या ॲपवर फोटो चढवला, पत्ता टाकला, टोकन क्रमांक आला. दहा मिनिटं. मला तर अभिमानच वाटला, ऑफिसात चार जणांना सांगितलं की आता असं सगळं घरबसल्या होतं.

पाचव्या दिवशी मेसेज: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’

मी फाटकापाशीच उभी होते. खाली बघितलं. तीन ब्लॉक होते तिथेच, होते तसेच. वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. ॲप उघडलं तर निराकरणाचा पुरावा म्हणून फोटोही जोडलेला! सुरेख, सपाट, लाल-पिवळ्या ब्लॉकचा फुटपाथ आणि कडेला बहरलेलं बोगनवेलीचं झुडूप. आमच्या गल्लीतले ब्लॉक करडे आहेत. झुडूप तर सोडाच, आमच्या गल्लीत तुळशीच्या कुंडीलाही पार्किंगमधून जागा मागावी लागते.

तक्रार पुन्हा उघडली. यावेळी मजकुरात लिहिलं की जोडलेला फोटो आमच्या गल्लीचा नाही. आठवड्याने उत्तर आलं, ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’, आणि खाली पुन्हा तेच, निराकरण झाले आहे. म्हणजे आमच्याशी संबंध नाही हे तुम्हाला कळवलं, हेच निराकरण! मी तो मेसेज नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, “अगं दिवाळी आहे, जाऊ दे.” दिवाळी होतीच. शिवाय विधानसभेची आचारसंहिता होती. १५ ऑक्टोबरला लागली, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. या काळात फोन केला की एकच उत्तर मिळे: साहेब इलेक्शन ड्यूटीवर आहेत. आता आचारसंहितेत नव्या कामांना बंदी असते हे मलाही समजतं, पण सैल ब्लॉक घट्ट केल्याने कुठल्या मतदाराला आमिष दाखवल्यासारखं होतं? नगरसेवकाला गाठावं म्हटलं तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून शहराला नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाकडे.

डिसेंबरात मी तिसऱ्यांदा तक्रार टाकली, आणि यावेळी कनिष्ठ अभियंत्यांचा नंबर मिळवून फोनही केला. माणूस सभ्य होता, हे कबूल करायलाच हवं. एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर निदान भांडता आलं असतं.

“मॅडम, वरचे ब्लॉक आमचे. पण ते खचले ते चरामुळे, आणि चर केबलवाल्यांचा.”

“आणि खाली साठतं ते पाणी?”

“त्याचं ड्रेनेजला विचारावं लागेल.”

“म्हणजे माझी आई त्यावरून पडली, तर ती कुठल्या खात्याची?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बघतो मॅडम, माणूस पाठवतो.”

माणूस खरंच आला. हे मला सचिवांकडून कळलं. मोटारसायकलवरून आला, पाटी वाचली, पाटीचा फोटो काढला आणि गेला.

आणि ११ डिसेंबरला तिसरं निराकरण आलं. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी पादचारी दिन होता. २०२१ पासून आपल्याकडे तो या तारखेला साजरा होतो, लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करतात आणि माणसं भर रस्त्यातून चालतात. मी ऑफिसातून सुटून मुद्दाम तिकडे गेले होते. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. हॉर्न नाहीत, मुलं मधोमध धावतायत, आजी-आजोबा हातात हात घालून चाललेत. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. अभिप्राय नोंदवा.’ एक ते पाच तारे. मी लक्ष्मी रस्त्याच्या ऐन मधोमध थांबून एक तारा दिला, आणि पाच मिनिटांनी आभाराचा मेसेज आला.

इथे एक सांगून ठेवते, आधीच सांगायला हवं होतं. काम झाल्याशिवाय अभिप्राय देऊ नका, एक ताराही नाही. तारा दिल्यावर माझी तक्रार ‘बंद’ झाली आणि पुन्हा उघडण्याचं बटण गायब झालं. रागाच्या भरात मी माझ्याच हाताने निराकरणावर शिक्का मारून ठेवला होता.

त्या रात्री माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले. झाला चारशे शब्दांचा, त्यातले निम्मे शब्द रागाचे. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला, परत दिला. “यातले ‘का’ सगळे काढून टाक. का केलं नाही, का लक्ष दिलं नाही, याला उत्तर देत नाहीत. कागद माग. आणि महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, विषयही एकच.” मग म्हणाले, “पण त्यात तीस दिवस जातील. त्याआधी सोमवारी जाऊन ये की.”

सोमवारचं मला खरंच माहीत नव्हतं. राज्य शासनाचा २०१८ चा आदेश आहे. जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. खिडकीवरच्या बाईंनाही ते आठवायला जरा वेळ लागला. कुठली फाइल, कुणाची फाइल, खोदाईची म्हणजे पथ विभागाची का, साहेब जेवायला गेलेत, किल्ली त्यांच्याकडे आहे. पावणेचारला किल्ली आली. पाचला वेळ संपणार. मी बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होते आणि मनात हिशोब चालू होता, अर्ध्या दिवसाची रजा, रिक्षाचे एंशी रुपये, साडीचं ड्रायक्लीनिंग, तीन ब्लॉक.

फाइल आली आणि दहा मिनिटांत गोष्ट संपली. खोदाईचा परवाना त्यात होता. आमच्या गल्लीचं नाव, किती मीटर चर, कुठल्या तारखांना, आणि अटींच्या यादीत सातवी अट: चर मुरूम भरून, थर दाबून, पृष्ठभाग पूर्ववत करून देण्याची जबाबदारी परवानाधारकाची. खाली दोषदायित्व कालावधी. हा शब्द पाठ करून ठेवा. काम झाल्यावर ठरावीक मुदतीत ते बिघडलं तर ज्याने केलं त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचं, असा त्याचा अर्थ. मुदत किती ते त्या-त्या कागदावर असतं, आमची चालू होती. म्हणजे इतके दिवस जो प्रश्न तीन खात्यांत फिरत होता त्याचं उत्तर त्याच इमारतीतल्या कपाटात, सातव्या अटीत पडलं होतं.

परवान्याचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि घरी येऊन पत्र लिहिलं, फक्त अकरा ओळींचं. आईची साडी नाही, बोगनवेल नाही, पादचारी दिन नाही. परवाना क्रमांक अमुक, अट क्रमांक सात, चर थराथराने दाबलेला नाही (काकांचं वाक्य, जरा सरकारी भाषेत), तीन ठिकाणी पृष्ठभाग खचला आहे, लांबी साडेचार फूट, दोषदायित्व कालावधी चालू आहे, कृपया परवानाधारकाकडून दुरुस्ती करून घ्यावी. साडेचार फूट हे शिवणाच्या टेपने मोजलं, सकाळी सहाला, कुणी बघत नाही असं पाहून. सचिव बघत होते.

पत्र आवक-जावकमध्ये दिलं. दोन प्रती न्या, नाहीतर झेरॉक्ससाठी खाली पाठवतात आणि वर येईपर्यंत चहाची वेळ होते. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मला नुसता शिक्का मारून दिला होता, मी परत जाऊन क्रमांक टाकून घेतला. बाई म्हणाल्या, “एवढं काय त्यात?” मी म्हटलं, “ताई, तीनदा निराकरण झालंय माझं.” त्या हसल्या आणि क्रमांक टाकला, ठळक अक्षरात.

नवव्या दिवशी टेम्पो आला. ब्लॉक काढले, खालची माती उपसली, मुरूम टाकला, आणि हो, धुम्मस मारली. काका खुर्ची टाकून खाली बसले होते, दोनदा “अजून” म्हणाले. काम करणारी पोरं काकांना चहा कुठे मिळेल विचारत होती, आईने वरून थर्मास पाठवला. एक ब्लॉक जुना फुटला म्हणून नवा लावला, तो लाल आहे. करड्या रांगेत एकच लाल. त्याची तक्रार करायची नाही असं घरात एकमताने ठरलं.

फोटोबद्दल राहिलंच. तक्रारीचा फोटो काढताना चौकटीत काहीतरी ओळखीचं येऊ द्या, दुकानाची पाटी, इमारतीचं नाव, विजेच्या खांबाचा क्रमांक. नुसत्या ब्लॉकचा फोटो जगातल्या कुठल्याही ब्लॉकचा असू शकतो, हे मला बोगनवेलीने शिकवलं. आणि टेप घेऊन गेलाच आहात तर फुटपाथची उंचीही मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. आमच्याकडे उंची एक वीत चार बोटं भरली. रुंदीचं विचारू नका.

सचिवांनी पाटी अजून काढलेली नाही. मजकूर खडूने खोडून, मागच्या बाजूला ‘फाटकासमोर वाहन लावू नये’ लिहून तीच पाटी उलटी टांगली आहे. ब्लॉक दोन पावसाळी सरी झेलून जागच्या जागी आहेत, मी रोज ऑफिसला जाताना टाचेने दाबून बघते.

आई मात्र अजूनही रस्त्याच्या कडेनेच देवळात जाते. म्हटलं, “अगं, आता झालंय ना नीट?” तर म्हणाली, “साडेचार फूट झालंय नीट. पुढे आइस्क्रीमवाल्यापाशी गाड्या लावलेल्या असतात, तिथे परत खाली उतरावंच लागतं. एवढं चढायचं-उतरायचं कशाला?”