निळा चंद्र, लाल हेरिंग आणि इंग्लिशचा क्लास

नेटवर "कलर इडियम्स" (रंगांवरचे इंग्लिश वाक्प्रचार) टाकून बघा, सगळीकडे तीच यादी मिळते, ब्लूचे दहा, रेडचे दहा, ग्रीनचे दहा, समोर अर्थ, आणि बरेच शिक्षक त्याची प्रिंट काढून वाटतात की झालं. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. मी गोव्यात म्हापशाला संध्याकाळी स्पोकन इंग्लिश शिकवते, माझ्याकडे हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलेली पोरं येतात, क्रूझवर जायची तयारी करणारे येतात, टॅक्सीवाले, आणि मराठी शाळेतून कॉलेजात गेलेली डिचोली-पेडण्याकडची मुलं, यांना अशी यादी दिली की दुसऱ्या दिवशी फीलिंग ब्लू (उदास वाटणं) आणि आउट ऑफ द ब्लू (अचानक) यांची पार खिचडी झालेली असते. आणि हे एकट्या माझं मत नाही, थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये प्रयोग करून दाखवलंय की एकाच गटातले शब्द, म्हणजे समजा सगळी कपड्यांचीच नावं, एकदम शिकवली तर पाठ व्हायला जास्त वेळ लागतो कारण ती एकमेकांत मिसळतात. त्यांचे प्रयोग सुट्या शब्दांवर होते, पण वर्गात बघते तर इडियम्सचंही तेच होतं.

म्हणून मी रंगानुसार गट पाडतच नाही. आधी जे आपल्या बोलण्यात ऑलरेडी आहे ते बाहेर काढायचं. ग्रीन लाइट म्हणजे हिरवा कंदील, व्हाइट एलिफंट म्हणजे पांढरा हत्ती, रेड टेप म्हणजे लालफीत (मामलेदार ऑफिसात खेटे घातलेल्याला हे शिकवावं लागत नाही), ब्लॅक अँड ब्लू म्हणजे मारून काळंनिळं करणं, हे सगळं पाच मिनिटांत संपतं. कॉट रेड-हँडेड सांगताना मात्र मी थोडी थांबते, कारण आपण रोज पेपरात "लाच घेताना रंगेहाथ पकडलं" वाचतो आणि त्या हाताला रंग कसला हे कुणी विचारत नाही. इंग्लिशमधला रंग रक्ताचा आहे, पंधराव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या कायद्यात रेड हँड असा शब्द येतो, खून करून हात धुवायच्या आत सापडलेला माणूस. हे एकदा ऐकलं की वर्गातलं कुणी ते विसरत नाही.

इन ब्लॅक अँड व्हाइट पण आपल्याकडे आहे, पांढऱ्यावर काळं करणं, फक्त इंग्लिशमध्ये काळा आधी. हॉटेलवाल्यांना हा मी पहिल्याच आठवड्यात देते, कारण गेस्ट म्हणतो आय वॉन्ट इट इन ब्लॅक अँड व्हाइट आणि नवीन मुलगी विचारते, सर, कलर प्रिंट नको का? गेस्टला रिफंडचं लेखी हवं असतं. चूक तिची नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता ज्यांचा अर्थ शब्दांवरून लागतच नाही ते. माझा सगळ्यात आवडता रेड हेरिंग. हेरिंग हा थंड समुद्रातला मासा, भरपूर मीठ लावून धुरावर ठेवला की तांबूस होतो आणि वास असा सुटतो की बस्स. गोव्यात वासाचं वर्णन करायची गरजच नाही, मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारे मासे भरून ठेवलेल्या घरातली मुलं लगेच नाक मुरडतात. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्लिश पत्रकाराने १८०७ मध्ये लिहिलं की लहानपणी त्याने सशाच्या मागावर असलेल्या शिकारी कुत्र्यांना असाच मासा वापरून भलतीकडे वळवलं होतं, आणि आपल्या काळातले पेपरवाले पण, असं तो म्हणाला, त्या कुत्र्यांसारखेच खोट्या बातमीमागे धावतात. तिथून या शब्दाला मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मुद्दाम पुढे केलेली गोष्ट हा अर्थ चिकटला. मग मी मुलांना ग्रामसभेतला प्रसंग रचायला सांगते, पाण्याच्या टँकरचा प्रश्न निघाला की पंच गावच्या जत्रेचा विषय काढतात, आणि मुलं असं काय रंगून बोलतात म्हणून सांगू!

वन्स इन अ ब्लू मून, म्हणजे अगदी क्वचित, याला मी कॅलेंडर आणते. चंद्र काही निळा होत नाही, हल्ली एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात. ही व्याख्या तशी अलीकडची, १९४६ च्या स्काय अँड टेलिस्कोप मासिकातल्या एका लेखातून आली, वाक्प्रचार त्याहून जुना. पण शिकवायला ती फार सोयीची, कारण अडीच-तीन वर्षांनी येणारी गोष्ट म्हटल्यावर आपल्या लोकांच्या डोक्यात पटकन अधिक महिना येतो, आणि दोन्हीमागचं गणित एकच आहे, चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा आणि सूर्याचं वर्ष त्यात नीट बसत नाही. ऑगस्ट २०२३ काढून दाखवते, अधिक श्रावणातली पौर्णिमा महिन्याच्या सुरुवातीला आणि नारळी पौर्णिमा महिनाअखेरीस, एका पानावर दोन्ही. आज्या सांगतात ते आणि टीचर सांगते ते जुळलं की चेहरे खुलतात.

सगळ्यात जास्त वेळ मी देते तो जिथे आपला रंग आणि त्यांचा रंग भांडतात तिथे. ही इज ग्रीन म्हणजे नवखा, कच्चा. आपल्याकडे माणसाला हिरवट म्हटलं तर काय अर्थ होतो ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आमचे जुने मॅनेजर व्हेरी ग्रीन आहेत असं काही कुणी बोलायच्या आत हे सांगून टाकलेलं बरं. ग्रीन विथ एन्व्ही आणखी वेगळं, तिथे मत्सर. यलो म्हणजे भित्रा, आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हणजे भलतंच, आणि तेच भलतं इंग्लिशमध्ये ब्लू होतं, ब्लू जोक वगैरे. मोठ्या वयाच्या बॅचला मी हे सरळ सांगते, लाजत बसले तर गेस्टसमोर तीच अडचणीत येतील. निळा म्हणजे उदास हे तर आपल्या मनाला लागतच नाही, आपला निळा कृष्णाचा, समुद्राचा, जयभीमच्या झेंड्याचा, त्यात दुःख कुठून आणायचं, म्हणून आय अ‍ॅम फीलिंग ब्लू सगळ्यात शेवटी घेते.

रेड फ्लॅग मात्र मुलंच मला शिकवतात. "टीचर, रेड फ्लॅग म्हणजे तो मुलगा नको, तोच ना?" इन्स्टावरून आलेलं, आणि अर्थ बरोबर आहे. मी त्यांना पावसाळ्यात कळंगुट-बागाला लाइफगार्ड लावतात ते लाल बावटे आठवायला सांगते, इथून पुढे पाण्यात जाऊ नको, मग तो शब्द नात्यापुरता न राहता नोकरीच्या करारात, घरभाड्यात सगळीकडे वापरता येतो.

अजून एक, आणि यावर मी हट्टी आहे, हे आधी ऐकून समजायचं, बोलायचं नंतर. इंटरव्ह्यूत चार इडियम घुसवले म्हणजे इंग्लिश भारी असा समज कोचिंगवाल्यांनी पसरवलाय, पण वन्स इन अ ब्लू मून चं ट्वाइस इन अ ब्लू मून झालं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कारण हे वाक्प्रचार घट्ट असतात, त्यातला शब्द हलवता येत नाही. रंग काढून घेतला तरी काम भागतं का बघा, रेअरली म्हणा, इन रायटिंग म्हणा, चालतंय. वहीत मी तीन रकाने करून घेते, कुणाच्या तोंडून ऐकलं, कुठल्या प्रसंगात, आणि मी असतो तर काय म्हणालो असतो, आणि तिसरा रकाना मराठीत किंवा कोंकणीत भरला तरी मला चालतो.