नॉक्सव्हिल: तिकिटाशिवाय पाहिलेली मॅच

नॉक्सव्हिल आमच्या यादीत नव्हतंच. सिनसिनाटीहून निघायचं, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला दोन रात्री राहायचं आणि पानगळीचे रंग बघून परतायचं, एवढाच बेत होता. पण सप्टेंबर २०२४च्या अखेरीस हेलेन वादळ आलं आणि पिजन नदीच्या घळीत आय-४० हायवे अक्षरशः नदीत गेला. ॲशव्हिलचे तर फार हाल झाले होते, तिथे हवापालटाला जाणं शोभलंही नसतं. इकडे सांगलीहून आलेल्या सासूबाईंना ‘ते लाल डोंगर’ दाखवायचं कबूल करून बसलेलो. मग टेनेसीच्या बाजूने, गॅटलिनबर्गकडून स्मोकी माउंटन्स बघू आणि मुक्काम नॉक्सव्हिलला करू, असं ठरलं.

हॉटेल शोधायला बसलो तेव्हा डोळे पांढरे झाले. एरवी फुकट दिलं तरी कुणी राहणार नाही अशा मोटेलला रात्रीचे सव्वातीनशे डॉलर, आणि वर दोन रात्रींची सक्ती. “गावात कुणाचं लग्न आहे का?” नवऱ्याने विचारलं. लेकाने फोनमधून मान वर न करता सांगितलं, “बाबा, शनिवारी अलाबामा गेम आहे.”

म्हणजे टेनेसी विद्यापीठ विरुद्ध अलाबामा विद्यापीठ. कॉलेजच्या पोरांची अमेरिकन फुटबॉलची मॅच! पण ज्या स्टेडियममध्ये ती होते त्या नेलंड स्टेडियमची क्षमता आहे १,०१,९१५, आणि २०२०च्या जनगणनेनुसार अख्ख्या नॉक्सव्हिलची लोकसंख्या एक लाख नव्वद हजार. हे गणित वाचल्यावर हॉटेलवाल्याला शिव्या देणं मी थांबवलं. (थोडंच.)

शनिवारी, १९ ऑक्टोबरला सकाळी अकराला गावात शिरलो तर सगळं केशरी. गाड्यांचे झेंडे, कुत्र्यांच्या गळ्यातले रुमाल, तान्ह्या बाळांचे मोजे, एका आजोबांची केशरी-पांढऱ्या चौकडीची डांगरी. आम्ही चौघं मात्र राखाडी, काळे, निळे. नशिबाने दसऱ्याला नेसलेल्या साडीवरची केशरी शाल सासूबाईंनी थंडीसाठी बरोबर घेतली होती. ती त्यांनी खांद्यावर टाकली मात्र, रस्त्यातला जो तो “लव्ह युअर शॉल, मॅम!” म्हणायला लागला. पहिल्या दोघांना त्यांनी हात जोडले. तिसऱ्यापासून “गो व्हॉल्स” म्हणायला लागल्या.

व्हॉल्स म्हणजे व्हॉलंटिअर्स. १८१२च्या युद्धात इथले लोक मोठ्या संख्येने स्वखुशीने लढायला गेले, तेव्हापासून टेनेसीला ‘व्हॉलंटिअर स्टेट’ म्हणतात आणि टीमचं नावही तेच.

एका चर्चच्या आवारात चाळीस डॉलर मोजून गाडी लावली आणि गर्दी नेईल तिकडे निघालो. मॅच साडेतीनला, पण दुपारी एकलाच रस्त्याच्या दुतर्फा माणसांच्या भिंती. त्यातून खेळाडू चालत स्टेडियमकडे जातात. खेळाडू मला दिसलेच नाहीत, फक्त उंचावलेले फोन दिसले. मागून आलेला बँड मात्र मनसोक्त बघितला. तीनशेहून जास्त वादक. टेकडीच्या पायथ्याशी सगळे थांबले, वरच्या जुन्या इमारतीकडे तोंड करून त्यांनी सलामी वाजवली, आणि मग ते ‘रॉकी टॉप’, म्हणजे टेनेसीवाल्यांचं लाडकं गाणं, सुरू झालं. दिवसभरात ही धून मी किमान चाळीस वेळा ऐकली असेल. पंधराव्या वेळेपर्यंत मजा येत होती.

तिकिटाचे भाव बघून आम्ही आधीच हात टेकले होते. तेव्हा आता काय, असं म्हणत नदीकडे उतरलो. आणि तिथे सासूबाई थबकल्याच.

स्टेडियम टेनेसी नदीला अगदी खेटून आहे, आणि काठाला बोटीच बोटी. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी बांधलेली. नदीच्या मध्यापर्यंत जायचं तर एकीच्या डेकवरून दुसरीच्या डेकवर. १९६२मध्ये जॉर्ज मूनी नावाचा रेडिओ समालोचक ट्रॅफिकला कंटाळून आपल्या छोट्या बोटीतून मॅचला आला. त्याचं बघून बाकीचे यायला लागले, आणि आता या ताफ्याला ‘व्हॉल नेव्ही’ म्हणतात. काहीजण दोन-दोन दिवस आधी येऊन धक्का धरतात.

“अगं, हे आपल्या कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतींसारखं,” सासूबाई म्हणाल्या. मग पलीकडचा हेन्ली पूल माणसांनी भरलेला बघून, “आणि हा आयर्विन पूल.” गणपती विसर्जनाला सांगलीत आयर्विन पुलावर उभं राहायला जागा मिळवणं काय असतं, हे त्यांनी नातवाला तिथेच ऐकवलं.

शालीमुळेच असेल, पण एका बोटीवरच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. कागदी वाडग्यात त्यांनी काहीतरी हातात दिलं: तळाला मक्याच्या कुरकुरीत चिप्स, वर राजम्याची झणझणीत (त्यांच्या मते) चिली, चीज, टोमॅटो, कांद्याची पात, सावर क्रीम. याला पेट्रो म्हणतात. १९८२मध्ये इथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात हा प्रकार पहिल्यांदा विकला गेला. त्याच प्रदर्शनाचा सोनेरी गोल मनोरा, सनस्फिअर, गावात अजून उभा आहे. आमच्यासाठी बिनमटणाचं वेगळं पातेलं निघालं. सासूबाईंनी दोन चमचे खाऊन निकाल दिला, “मिसळ आहे. रस्सा कमी पडलाय.”

मग मॅच सुरू झाली, आणि आम्ही ती कानांनी बघितली. लेकाच्या फोनवर प्रक्षेपण चालू होतं, पण ते अर्धा मिनिट मागे. फोनमधला खेळाडू अजून चेंडू हातात घेऊन उभा असायचा आणि भिंतीपलीकडून लाखभर लोकांचा आवाज येऊन गेलेला असायचा. सुरुवातीला आवाज चढला की आम्ही टाळ्या पिटायचो. शेवटी डांगरीवाल्या एका काकांनी आम्हाला समजावलं: आपल्याकडे चेंडू असला की लोक गप्प बसतात, म्हणजे आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू जातं. अलाबामाकडे असला की घसा फाटेस्तोवर ओरडायचं, त्यांच्या सूचना त्यांनाच ऐकू जाता कामा नयेत. म्हणजे तासभर आम्ही अलाबामासाठी टाळ्या वाजवत होतो.

सासूबाईंनी हे पक्कं धरलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड वगैरे त्यांच्या डोक्यावरून गेलं (माझ्याही, साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास कसा चालतो ते देव जाणे), पण शांतता, मग अचानक स्फोट, हे त्या बरोबर ओळखायच्या. “झालं आपलं काहीतरी.” नातू म्हणायचा, “थांब गं आजी.” अर्ध्या मिनिटाने फोनवर तेच.

हाफटाइमला टेनेसी ०-७ मागे. बोटीवर सुतकी कळा. या मंडळींनी अलाबामाकडून सलग पंधरा वर्षं मार खाल्ला आहे. २०२२मध्ये ५२-४९ने जिंकल्यावर पोरांनी गोलपोस्ट उपटून याच नदीत टाकले होते. काका ती जागा बोटाने दाखवत होते, जणू तिथे समाधी आहे.

उजेड उतरता उतरता स्टेडियममधून जो आवाज आला, तो पुलावरून, पाण्यावरून फिरत राहिला, थांबेचना. सासूबाईंनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. २४-१७.

क्षणात सगळीकडे सिगार पेटले. ही मॅच जिंकणाऱ्याने सिगार ओढायचा, अशी रीत आहे. १९६१मध्ये ती सुरू केली अलाबामाच्याच एका ट्रेनरने. काकांनी नवऱ्याला एक दिला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ओढला आणि पाच मिनिटं खोकत बसला. सासूबाईंनाही विचारलं गेलं. त्यांनी नको म्हटलं, पण विचारल्याचं त्यांना आवडलं, हे मला दिसलं.

चर्चपासून मोटेलपर्यंतच्या सात मैलांना दोन तास लागले. सिग्नलला शेजारी गडद लाल टोप्यांचं एक अलाबामावालं कुटुंब होतं, मागच्या सीटवर पोरं झोपलेली, पुढे नवरा-बायको सरळ समोर बघत बसलेली. आमच्याही गाडीत कुणी फार बोलत नव्हतं.

लाल डोंगर रविवारी बघितले. चांगले होते. नोव्हेंबरमध्ये सासूबाई परत गेल्या तेव्हा बॅग भरताना मी ती शाल धुवायला मागितली, सिगारचा वास अजून गेला नव्हता. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “ह्यांना दाखवायचाय.”