कमरेला दोर बांधलेला मेसमन

मी जहाजावर लागलो तो मेसमन म्हणून. ऑफिसरांच्या मेसमध्ये ताटं लावायची, खरकटं काढायचं, रात्रीच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, चहा पोचवायचा. म्हणून चार्ल्स जॅक्सन फ्रेंचची हकिकत वाचताना आधी नजर गेली ती त्याच्या हुद्द्यावर: मेस अटेंडंट. त्या काळी अमेरिकन नौदलात कृष्णवर्णीय पोरांच्या वाट्याला बहुतेक करून हेच काम यायचं.

5 सप्टेंबर 1942 च्या पहाटेआधी प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ जपानी विनाशिकांनी त्याचं 'ग्रेगरी' जहाज बुडवलं. फ्रेंच तेव्हा 22 वर्षांचा. जखमी सोबत्यांना त्यानं तराफ्यावर चढवलं. पंधरा जण. पण प्रवाह तराफ्याला किनाऱ्याकडे ओढत होता आणि किनारा शत्रूच्या ताब्यात. तराफ्यावरचा जखमी अधिकारी रॉबर्ट एड्रियन त्याला सांगत होता, पाण्यात शार्क आहेत, उतरू नकोस. त्यानं कमरेला दोर बांधला आणि उतरला. सहा ते आठ तास तो पोहत होता.

हे वाचायला सोपं आहे. ट्रेनिंगच्या वेळी मी तरणतलावात राफ्ट ओढलाय. आत चौघेच, लाट नाही, वर लख्ख उजेड. हात मारले तरी राफ्ट जागचा हलत नाही. हलला की दोर क्षणभर ढिला पडतो, मग झटका बसून पोटात रुततो. असं प्रत्येक हाताला. पंचवीस मीटरनंतर मी काठ धरून कितीतरी वेळ धापा टाकत होतो. तिथं तर अंधार होता, समुद्र होता आणि मागे पंधरा जीव होते.

उजाडल्यावर त्यांची सुटका झाली. फ्रेंचला 1943 मध्ये त्या भागातल्या अमेरिकन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल हॉल्सी यांचं प्रशस्तिपत्र मिळालं. पदक नाही. पंधरा माणसांच्या बदल्यात एक कागद, हे मला आजही सहन होत नाही. 1956 साली तो गेला, अवघ्या 37 व्या वर्षी. नेव्ही अँड मरीन कॉर्प्स मेडल हे शौर्यपदक मिळालं ते 2022 मध्ये. सॅन दिएगोच्या नौदल तळावर बचाव-जलतरणपटू जिथं तयार होतात, त्या तलावालाही त्याचं नाव दिलं.

माझा पुतण्या पुढच्या महिन्यात जहाजावर लागतोय, मेसमनच. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "काका, पण एवढ्या काळोखात त्याला दिशा कशी कळली?"

म्हटलं, तराफ्यावरचे सांगत होते. त्यानंच त्यांना बजावलं होतं, मी बरोबर चाललोय का, तेवढं सांगत राहा.