आमची वाटचाल: चुना सोडला नाही

२००४ साली गोव्यात पहिला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, व्हायचा होता आणि पणजीत मांडवीच्या काठावर जुन्या जीएमसीची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, डागडुजी रात्रंदिवस चालली होती. १८४२ साली सुरू झालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेची ही परंपरा. इस्पितळ बांबोळीला हललं आणि ही इमारत मागे राहिली. सावंतवाडीहून मी तिथे एका ठेकेदाराचा मुकादम म्हणून गेलो होतो. जिथे एकेकाळी रुग्णांची वर्दळ, तिथे सिनेमावाल्यांची गर्दी पाहिली आणि त्याच दिवशी मनात घेतलं, आपण हेच, जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करायचं. आज त्याच इमारतीत सेरेंडिपिटी या कला महोत्सवाची प्रदर्शनं लागतात, तेव्हा मी आवर्जून जातो आणि आधी भिंती बघतो.

आमचे मामा मला तिथेच भेटले. नात्याने मामा नव्हेत, वयाने माझ्या दुप्पट असलेले गवंडी. त्यांचा पितळी ओळंबा वडिलांच्या वेळचा, आणि थापी एका बाजूने बोटभर झिजलेली. ती झिजलेली कड कोपऱ्यात अशी बसते की नवीन थापीला ते जमत नाही. दोघांनी मिळून फर्म काढली. भांडवल माझं, हात त्यांचे.

पहिलं मोठं काम आमच्याच तालुक्यातलं. जुनं जांभ्याचं इस्पितळ, मंगलोरी कौलं, दोन्ही अंगाला पडव्या. ट्रस्टला तिथे वाचनालय, बचत गटांची खोली आणि दशावताराच्या तालमीसाठी हॉल हवा होता. पूर्वेकडचा प्रसूती कक्ष आम्हाला मिळाला, तिथे आम्ही चुन्याचाच गिलावा करायचं ठरवलं. पश्चिमेकडची बाजू दुसऱ्या एका ठेकेदाराने आमच्यापेक्षा कमी दरात घेतली. भर मीटिंगमध्ये तो म्हणाला, चुन्याला वर्ष लागेल, मी महिन्यात देतो. दिलंही. जुना गिलावा ठोकून काढला, सिमेंट मारलं, वर चकचकीत रंग.

जांभा जमिनीतलं पाणी पितो. चुना ते बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतो. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटला आणि गिलाव्याच्या लाद्या पडायला लागल्या. कमिटीने मात्र ठरवलं की इमारतच नासकी आहे. सगळ्यांची बिलं थांबवली, आमचंही.

अकरा महिने. टेम्पो विकला. मंडळींच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. नऊ माणसांतली पाच दुसरीकडे लागली, त्यांना मी दोष देत नाही. मामा मात्र रोज सकाळी साइटवर यायचे. कळीचा चुना विरवून खड्ड्यात ठेवलेला होता, त्यावर पाणी राहिलं नाही तर तो वाया जातो. काम बंद, मजुरी नाही, तरी कळशीने पाणी ओतून वर गोणपाट टाकून जायचे. ‘बिल येईल तेव्हा येईल, चुना मुरतोय,’ एवढंच म्हणायचे.

ट्रस्टच्या अध्यक्षबाई त्याच प्रसूती कक्षात आयुष्यभर नर्स होत्या. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. जुलैच्या भर पावसात त्या आल्या. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला, तो ओला झाला आणि वर पांढरी भुकटी चिकटली. मग आमच्या भिंतीवर दुसरा तळवा ठेवला, तो कोरडा. ताप बघावा तसा बराच वेळ ठेवून होत्या. पंधरा दिवसांत बिल निघालं आणि पश्चिमेचं सिमेंट खरवडायचं कामही आम्हालाच मिळालं. पुढे सिस्टरबाईंनी स्वतःचं घर, भावाचं घर, माहेरचं देऊळ, सगळं आमच्याकडे दिलं. एकदाही दुसरं कोटेशन मागवलं नाही.

त्यानंतरची वर्षं कामात गेली.

कुणी जुनं इस्पितळ हाती घेत असेल तर सांगतो. आधी पन्हळी आणि गटारं उघडा, भिंतीचं नंतर बघा. वॉर्डांत छातीपर्यंत ऑइल पेंट असतो, तो पूर्ण काढल्याशिवाय चुना धरणार नाही. चुन्यात गूळ-हिरड्याचं पाणी घाला, पण गूळ जास्त झाला तर मुंग्या येतात. वरचे झरोके एसीसाठी बुजवू नका. ते त्या काळच्या डॉक्टरांनी रोग्यांच्या श्वासासाठी ठेवलेत आणि भिंतीलाही तेच लागतात. आणि पावसाळ्यात गिलावा घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता प्रसूती कक्षात वाचनालय आहे. पुस्तक बदलायला आलेल्या बायका मुलांना जागा दाखवतात, तू इथे झालास. मामा थकलेत, पण खड्ड्यातल्या पाण्याची चौकशी अजून फोनवर करतात.

दारातल्या संगमरवरी पाटीवर त्या ठेकेदाराचं नाव आहे, आमचं नाही. पाटी उद्घाटनाआधीच कोरली होती, असं उत्तर मिळालं. मामांचं नाव तरी घाला म्हणून दोन अर्ज केले. तिसरा गेल्या महिन्यात दिलाय.