बाजूने की विरोधात?

एखाद्या विमानतळाला, पुलाला, चौकाला राजकीय नेत्याचं नाव देण्याची मागणी निघाली की मला हमखास विचारलं जातं, "तुम्ही बाजूने की विरोधात?" ठिकाणांच्या नावांबद्दल मी बरीच वर्षं वाचतो आहे, टिपणं काढतो आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं आणि मी जरा थांबलो की लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्हाला त्यांच्याबद्दल आदर नाही?" या दुसऱ्या प्रश्नाचं मला फार वाईट वाटतं. एखाद्या माणसाबद्दल आदर असणं आणि त्याच्यासाठी एखादं जुनं नाव पुसायला तयार असणं, ही दोन वेगळी मतं आहेत. लोकांच्या मनात ती वेगळीच असतात. विचारणारे त्यांची गाठ मारतात.

पूर्व जर्मनीत केम्निट्झ नावाचं शहर होतं. १९५३ मध्ये सरकारने त्याचं कार्ल-मार्क्स-श्टाट केलं. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये रहिवाशांचं मत घेतलं, तेव्हा चारांतल्या तिघांनी जुनं नाव परत मागितलं आणि ते मिळालं. पण १९७१ मध्ये बसवलेलं मार्क्सचं सात मीटर उंचीचं कांस्याचं डोकं शहराने हलवलं नाही. ते आजही तिथेच आहे आणि तिथले लोक त्याला आपल्या बोलीत नुसतं 'डोकं' म्हणतात. शहराचं नाव काय असावं आणि पुतळा राहावा का, हे दोन प्रश्न त्यांना आपोआप वेगळे करता आले.

माझ्या शाळेच्या नकाशात रशियातलं लेनिनग्राड होतं. १९१४ पर्यंत सेंट पीटर्सबर्ग, मग युद्धात ते नाव जर्मन वाटतं म्हणून पेट्रोग्राड, आणि १९२४ मध्ये लेनिन वारल्यावर काही दिवसांतच लेनिनग्राड. १२ जून १९९१ ला नागरिकांनी मतदान केलं आणि साधारण ५४ टक्क्यांनी सेंट पीटर्सबर्ग निवडलं. हा आकडा सांगून बहुतेक जण पुढे जातात. मला मात्र उरलेल्या लोकांपाशी थांबावंसं वाटतं. विरोध करणाऱ्यांत केवळ कम्युनिस्ट नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला ८७२ दिवस वेढा होता. लाखो माणसं मेली, बहुतेक उपासमारीने. त्यातून वाचलेल्यांनी आपली माणसं गमावली ती लेनिनग्राडमध्ये. ते नाव त्यांच्यासाठी लेनिनचं उरलंच नव्हतं, ते त्यांच्या मेलेल्यांचं झालं होतं. एका पुढाऱ्याच्या गौरवासाठी वरून लादलेलं नाव सत्तर वर्षांत लोकांनी स्वतःचं करून टाकलं होतं. म्हणून कुठलंही नाव 'लादलेलं होतं' एवढ्यावर मी ते उतरवायला तयार होत नाही. (शहराभोवतीचा प्रांत अजूनही लेनिनग्राड प्रांतच आहे.)

जिथे कोणालाच विचारलं नाही अशी उदाहरणंही भरपूर आहेत. कझाकस्तानात मार्च २०१९ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली, त्याच दिवशी राजधानी अस्तानाला मावळते राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव यांचं नाव द्यायचं सुचवलं आणि संसदेने त्याच दिवशी मंजूरही केलं. नझरबायेव हयात होते. साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अस्ताना हे नाव परत आलं.

पण प्रत्येक वेळी खुशामतच असते असं नाही. शोकातही माणसं घाई करतात. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि सहा दिवसांत फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरल या भूशिराला केप केनेडी म्हटलं जाईल अशी घोषणा झाली. कॅनव्हेरल हे नाव स्पॅनिश दर्यावर्दींच्या काळापासून, चारशेहून अधिक वर्षं नकाशांवर होतं. स्थानिकांना ते जाणं पटलं नाही आणि १९७३ मध्ये ते परत आलं. तिथल्या अवकाश केंद्राला मात्र केनेडींचंच नाव राहिलं. माणसाला चंद्रावर पोचवण्याचं उद्दिष्ट त्यांनीच देशापुढे ठेवलं होतं, त्यामुळे ते नाव तिथे शोभतं. ज्या लोकांना भूशिराचं जुनं नाव परत हवं होतं त्यांच्यावर केनेडीद्वेषाचा शिक्का कोणी मारू शकेल का?

इथवर माझं मत सोपं होतं: आधी विचारा, मग बदला. पुढची दोन उदाहरणं वाचल्यावर ते तितकं सोपं राहिलं नाही.

पहिलं अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं. तिथल्या 'द पासेओ' या जुन्या, लांबलचक रस्त्याला जानेवारी २०१९ मध्ये नगर परिषदेने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलं. रस्त्यावरच्या ७५ टक्के मालमत्ताधारकांची संमती घेण्याचा नियम होता, तो परिषदेने बाजूला ठेवला. चिडलेल्या लोकांनी सह्या गोळा केल्या, नोव्हेंबरमध्ये मतदान झालं आणि जवळजवळ ७० टक्के मतांनी पासेओ परत आला. अनेकांनी मनापासून सांगितलं की आमचा विरोध किंग यांना नाही, आम्हाला न विचारण्याला आहे. मला ते खरं वाटतं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं किंग यांच्या नावाचा रस्ता मागितला होता त्यांना त्या पाट्या उतरताना पाहून काय वाटलं असेल, तेही खरंच आहे. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, दुसऱ्या रस्त्यांना किंग यांचं नाव मिळालं.

दुसरं मराठवाडा विद्यापीठाचं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली. ज्यांनी १९५० मध्ये त्याच औरंगाबाद शहरात महाविद्यालय सुरू करून शिक्षणाची वाट उघडून दिली, त्यांचं नाव विद्यापीठाला लागायला जवळजवळ १६ वर्षं लागली. १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. १९७८ मध्ये डोकी मोजून निर्णय झाला असता तर ते नाव लागलं असतं का? मला नाही वाटत. आणि ते लागायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे 'नाव जुनं आहे, राहू द्या' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जुन्या नावाचं प्रेम नव्हतं.

म्हणून आता मी बहुमत पाहतो आणि त्याबरोबर हेही पाहतो की नाव मागणारे कोण आहेत. ज्यांच्या माणसांची नावं आजवर कुठल्याच दारावर लागली नाहीत ते मागत असतील, तर त्यांचं म्हणणं संख्येपेक्षा जड आहे. सत्तेत बसलेले आपल्याच नेत्यासाठी मागत असतील, तर मी अतिशय सावध होतो. नेता हयात असेल तर माझं उत्तर थेट नाही असं आहे. अमेरिकेचं भौगोलिक नाममंडळ माणूस वारल्यावर किमान पाच वर्षं थांबायला लावतं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, शोक आणि खुशामत या दोन्हींना त्यात थोडं निवायला वेळ मिळतो.

आणि प्रश्न कसा विचारला जातो, यावर मी अडून बसतो. "या नेत्याचा सन्मान व्हावा का?" असं विचारलं तर भला माणूस हो म्हणणारच. "त्यासाठी हे नाव जावं का?" असं विचारलं की तोच माणूस विचारात पडतो. पहिल्या प्रश्नाची उत्तरं गोळा करून दुसऱ्याचा निकाल लावणं ही मतं विचारलेल्या लोकांची फसवणूक आहे.

मध्यंतरी एक तरुण एका पुलाच्या नामकरणाचं निवेदन घेऊन सहीसाठी आला. ज्यांचं नाव सुचवलं होतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मी त्याला विचारलं, आत्ताचं नाव कशावरून पडलं? त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मग शोधलं आणि कळलं की पूल व्हायच्या आधी तिथे होड्या चालवणाऱ्या नावाड्यांची वस्ती होती, तिच्यावरून ते पडलं. सही मी केली नाही. नवं ग्रंथालय होणार आहे, त्याला हे नाव मागत असाल तर आत्ता सही करतो, असं म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग निवेदनाच्या मागच्या बाजूला त्याने 'ग्रंथालय' असं लिहिलं आणि त्याखाली नावाड्यांच्या वस्तीचं नावही लिहून घेतलं.