मॅलेट आडनावाचा माग : सॉमरसेटची फांदी हाती लागली

मंडळी, मॅलेटांचा वंशवृक्ष आता बराच भरला. पेशव्यांच्या दरबारी 1786 साली रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून आलेला चार्ल्स वॉर मॅलेट हा या झाडाचा मधला बुंधा धरून मी दोन्ही दिशांनी निघालो होतो. वरच्या पिढ्या इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात सापडतात आणि खालच्या बऱ्याचशा मुंबई इलाख्यात. या खेपेला वरची बाजू जास्त पुढे सरकली.

आधी शोधायची रीत सांगतो, दुर्मीळ आडनाव घेतलेल्या कुणालाही ती उपयोगी पडेल. एक ‘एल’ आणि एक ‘टी’ लिहिणारे मॅलेट थोडे, दोन-दोन लिहिणारे पुष्कळ. जनगणनेच्या याद्यांत सगळी रूपं एकदम शोधली की भलत्याच घरांची गर्दी होते. म्हणून मी मधल्या नावांवरून जातो. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव, तर तिथल्या जुन्या घराण्यांत आईकडचं किंवा आजीकडचं आडनाव मधे बसवायची चाल. चार्ल्सची आई सेंट लो घराण्यातली, आणि त्याच्या एका मुलाचं नाव चार्ल्स सेंट लो मॅलेट! वॉर, पॉइन्ट्झ, बॉल्डविन ही नावंही अशीच पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. इंग्लंडात नागरी नोंदणी 1837 पासूनची, चर्चच्या नोंदवह्या फार तर 1538 पर्यंत नेतात. त्यामागे जमिनीची कागदपत्रं आणि कोर्टाचे खटले एवढाच आधार.

मुळाशी विल्यम मॅलेट आहे. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत तो होता हे समकालीन लिखाणावरून ठरतं, आणि असं खात्रीने सांगता येईल अशी माणसं फार थोडी. पडलेल्या हॅरॉल्ड राजाच्या दफनाचं काम त्याच्याकडे दिलं होतं, असं बखरकार लिहितात. त्याचा मुलगा रॉबर्ट 1086 च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, सफोक परगण्यातला मोठा जमीनदार दिसतो, ठाणं आय या गावी. सफोकची ही शाखा आणि सॉमरसेटचे मॅलेट यांच्यामधली कडी मी तक्त्यात तुटक रेषेनेच काढली आहे. पुरावा विरळ असताना ठळक रेघ ओढू नये, असं माझं ठाम मत आहे.

सॉमरसेटात मात्र पाय रोवता येतात. शेप्टन मॅलेट आणि करी मॅलेट या गावांच्या नावांत घराणं आजही आहे. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेची अंमलबजावणी पाहायला जे 25 सरदार नेमले, त्यांत इथला विल्यम मॅलेट होता. त्याच्यामागे मुलीच राहिल्या, जमिनी जावयांकडे गेल्या, गावांना नाव तेवढं चिकटून राहिलं.

सॉमरसेटातल्याच एन्मोरच्या शाखेचंही तसंच झालं, पण थाटात. तिथली वारस एलिझाबेथ मॅलेट. 1665 मध्ये रॉचेस्टरच्या अर्लाने तिला लंडनमध्ये भर रस्त्यातून पळवलं, राजाने त्याला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबलं, आणि 1667 मध्ये तिने त्याच्याशीच लग्न केलं. त्याच काळातल्या सॅम्युएल पीप्स या लंडनकराच्या रोजनिशीत ही पळवापळवी नोंदलेली आहे. एन्मोर गेलं, आडनाव टिकलं ते इतर शाखांमुळे. चार्ल्सचे वडील रेव्हरंड अलेक्झांडर सॉमरसेटातल्याच कोम फ्लोरीचे रेक्टर होते.

आता पुणे. संगमावरच्या रेसिडेन्सीत चार्ल्सचा संसार होता तो अंबर कौर हिच्यासोबत. त्यांना तीन मुलं झाली आणि ती पुढे इंग्लंडला गेली. इंग्लंडातल्या सरदार घराण्यांच्या छापील वंशावळी बहुधा 1799 च्या लग्नापासून सुरू होतात: वधू सुझॅना, चित्रकार जेम्स वेल्स याची मुलगी. वेल्सने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाचा दरबार त्याच्या रेखाटनांवरून पुढे थॉमस डॅनियलने रंगवला. माझ्या तक्त्यात अंबर कौर आणि तिची मुलं ठळक रेघेने आहेत. ती वगळली तर तो वंशवृक्ष खरा कसा म्हणायचा?

सुझॅनाच्या मुलांनी इलाखा भरून टाकला. ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर. 1850 च्या मे महिन्यात चौक गावातून माथेरानवर चढला तो हाच. ‘शोध लावला’ असं छापतात, पण ठाकर-धनगरांना तो डोंगर आधीपासून ठाऊक होता. तिथला मॅलेट स्प्रिंग त्याच्याच नावाचा. जॉर्ज ग्रेनव्हिलने सिंधचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला आणि 1856 मध्ये इराणमधल्या बुशहरच्या मोहिमेत तो मारला गेला. मुंबई सरकारात नोकरी केलेल्या आर्थरने 1885 मध्ये घराण्याच्या नोंदी संकलित करून छापल्या. आपल्या कुलवृत्तांतांच्या जातीचंच हे पुस्तक, आणि माझा मुख्य आधार. चार्ल्सचा नातू एडवर्ड बॉल्डविन कैरोत ब्रिटनचा प्रतिनिधी आणि बर्लिनला राजदूत होता. त्याची बायको बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी, म्हणून ड्यूकच्या जमिनीवरच्या लंडनमधल्या एका रस्त्याचं नाव मॅलेट स्ट्रीट.

पुढचं काम ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्च नोंदींवर आहे. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांची मालिका एन-3 या खुणेखाली येते. ह्यू आणि आर्थर यांची मुलं तिथे मिळतील. कुणी त्या मालिकेत आपलं आडनाव शोधत असेल तर मॅलेटांवरही नजर ठेवा. बदल्यात तुमचं आडनाव मी बघतो.