सूर्य मावळण्याआधी

फोंडा, सोमवार रात्र

सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, हे शेजारच्या ख्रिस्ती आजींचे आवडते वचन. ते बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले, सव्विसावे. त्याच वचनात आधी ‘रागवा, पण पाप करू नका’ असे सांगितले आहे, आणि त्याच्याही आधी शेजाऱ्याशी खरे बोलण्याची आज्ञा आहे. म्हणजे रागाला मनाई नाही, त्याला मुदत घातली आहे. लोकांना उपदेश करताना मात्र नेमका हा भाग गाळला जातो. पायथागोरसचे अनुयायीही रागाच्या भरात एकमेकांना लागेल असे बोलले, तर सूर्यास्तापूर्वी हातात हात देऊन समेट करीत, असे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवले आहे.

आमच्या घरात हेच दुसऱ्या शब्दांत सांगितले जाई. तिन्हीसांजेला भांडू नये, ती लक्ष्मी यायची वेळ. अन्नावर राग काढू नये. उपाशी निजू नये. तुळशीपुढे दिवा लावून म्हणायच्या ‘शुभं करोति’मध्ये ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ आहेच, आणि ते म्हणत असताना भावंडाला कोपराने ढोसणे आम्हाला कधी विसंगत वाटले नाही.

तरीही नुसत्या वचनापेक्षा रीत अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. आजींच्या घरी संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आटोपला की लहान माणसे एकेका वडीलधाऱ्यापुढे हात जोडून ‘बेसांव दी’ म्हणत आशीर्वाद मागतात. दुपारी ज्याच्याशी वाजले त्याच्याही पुढे जावेच लागते, आणि त्यालाही हात वर करावाच लागतो. भांडणाचा विषय कोणी काढत नाही, पण तोंड फिरवून बसण्याची सोय मात्र राहत नाही.

या वचनाचा गैरवापरही पुष्कळ होतो. रात्र पडण्याआधी मिटवा म्हटले की नमते घ्यायचे ते बहुधा सुनेने किंवा धाकट्याने, आणि मूळ अन्याय होता तिथेच राहतो. शिवाय रात्री अकरा वाजता, दोघेही दमलेले असताना, हिशेब मिटवायला बसले की जुन्या चोपड्याही उघडतात. मात्र राग घेऊन झोपू नये या म्हणण्याला थोडा आधार आहे. 2016 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, नकोशी आठवण रात्रीच्या झोपेनंतर मनाआड करणे अधिक अवघड जाते, असे आढळले. तो अभ्यास भीतिदायक चित्रांच्या आठवणींवर होता, घरच्या भांडणांवर नव्हे, हे खरे. पण झोप आठवण पक्की करते, एवढे त्यातून घेता येते.

आज सकाळी कुळागराच्या, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेच्या, पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाचा आणि माझा खटका उडाला. चूक त्याची आहे असे मला अजूनही वाटते आणि त्यालाही माझ्याबद्दल तसेच वाटत असणार. रात्री तो ताटावर आला, निम्मा भात होईपर्यंत गप्प होता, मग सोलकढीची वाटी वहिनीकडे न करता माझ्याकडे सरकवली. मी ती भरून दिली. पाळीचे बोलणे उद्या सकाळी, पंप सुरू करण्यापूर्वी करायचे ठरले आहे. वरच्या बाजूच्या माडांना किती वेळ पाणी लागते ते तोवर एकदा पाहून ठेवावे लागेल.